कापडी विमानाला परवडणारा ट्रान्सपॉन्डर

विमान विकायचं का, हे ठरवायला आम्ही दोघं कल्याणात डॉक्टरांच्या दवाखान्यात बसलो होतो. डॉक्टर म्हणजे दातांचे डॉक्टर, आणि विमानात माझे निम्मे भागीदार. दुपारी दीड ते चार पेशंट नसतात म्हणून त्यांनी ती वेळ दिलेली. दुसरी खुर्ची नव्हती, त्यामुळे मी पेशंटच्या खुर्चीत पाय लांब करून बसले होते आणि ते त्यांच्या गोल स्टुलावर. मधल्या ट्रेमध्ये एक पत्र होतं.

पत्र धावपट्टीच्या मालकांनी पाठवलेलं. माळशेज घाट चढून गेलं की पुढे एका उघड्या माळावर ही खाजगी धावपट्टी आहे, आणि तिथल्या पत्र्याच्या हँगरमध्ये आमचं दोन सीटचं विमान उभं असतं. त्या भागावरून मोठ्या विमानांचा नवा मार्ग आखला गेला होता. त्यामुळे तीन महिन्यांनंतर ट्रान्सपॉन्डर नसलेल्या विमानाला तिथून उडता येणार नव्हतं.

ट्रान्सपॉन्डर म्हणजे काय, हे मी इतक्या लोकांना सांगितलंय की आता पाठ झालंय. जमिनीवरचं रडार आकाशात विचारत असतं, कोण आहे तिकडे? विमानातली ही छोटी पेटी आपणहून उत्तर देते, मी अमुक नंबरचं, आणि इतक्या उंचीवर. पेटी नसेल तर छोटं विमान रडारवर नीट दिसत नाही, आणि दिसलं तरी किती उंचीवर आहे ते कळत नाही. नियम चुकीचा नव्हता. मोठ्या विमानाच्या वाटेत न दिसता भटकायची हौस मलाही नव्हती.

"ताई, मी सरळच बोलतो," डॉक्टर म्हणाले. "मी ठाण्याच्या एका डीलरला फोन केलेला. तो जो सेट सांगतोय, त्याची किंमत आपल्या विमानाच्या निम्मी आहे. आणि आपलं विमान म्हणजे काय, ते तुम्हालाही माहितीये."

"काय आहे?"

"जुनं आहे."

"मग?"

त्यांनी पत्र उचलून परत ट्रेमध्ये ठेवलं. मग म्हणाले की त्यांच्याकडे एक गिऱ्हाईक आहे. मुरबाड रोडला ज्याचं रिसॉर्ट आहे, तो त्यांचा पेशंटच. त्याला विमान घ्यायचंय.

"उडवायला?"

"नाही. इंजिन काढून रेस्टॉरंटच्या गेटवर टांगायला. लोक खाली उभं राहून फोटो काढतील."

मी खुर्चीतून उठले. त्या खुर्चीतून पटकन उठता येत नाही, आधी पाय बाजूला काढावे लागतात, त्यामुळे उठण्यात काही रुबाब राहिला नाही. पण मी उठले आणि म्हणाले, "डॉक्टर, पत्रात तीन महिने दिलेत. ते तीन महिने मला द्या. विमानाला परवडेल असा सेट मी शोधते. नाही सापडला तर टांगा."

"ताई, हट्ट करू नका."

"हट्टच आहे," मी म्हणाले.

इथे माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. मी विठ्ठलवाडीच्या चाळीत वाढले. वडील रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते आणि रविवारी बुद्धविहाराचा अँप्लिफायर दुरुस्त करायचे, कारण तो दर रविवारी बिघडायचा. सोल्डरिंग मी त्यांच्याकडून शिकले, नववीत असताना. पुढे डिप्लोमा करून कल्याणला सिग्नल खात्यात लागले आणि सव्वीस वर्षं तारा, रिले आणि वायरलेसचे खांब यांच्यात काढली. आमच्या सेक्शनला मी पहिली बाई. पहिल्या दिवशी सुपरवायझरनी मला टेबलावर बसून रजिस्टर लिहायला सांगितलेलं. आठवड्याभराने मी खांबावर होते. विमान शिकले शेहेचाळीसाव्या वर्षी. नातेवाइकांना वाटलं माझं डोकं फिरलंय. लायसन्स आल्यावर तेच नातेवाईक फोटो मागायला लागले. मग एक फ्लाइंग क्लब बंद पडत होता, त्यांच्याकडून मी आणि डॉक्टरांनी मिळून हे विमान घेतलं. लोखंडी नळ्यांचा सांगाडा, त्यावर ताणून चढवलेलं आणि रंगवलेलं कापड, वर पंख, खाली दोन चाकं आणि शेपटीला एक. घाटावरच्या वाऱ्यात ते एखाद्या ताडपत्रीसारखं फडफडतं, असं डॉक्टर म्हणतात. मला ते कधी तसं वाटलं नाही.

दवाखान्यातून मी डोंबिवलीला घरी आले आणि नवऱ्याला सगळं सांगितलं. तो शाळेत मराठी शिकवायचा, आता निवृत्त. माझ्या विमानात तो आजपर्यंत एकदाही बसलेला नाही, बसणारही नाही, आणि तसं त्याने मला लग्नाच्या वाढदिवशी स्पष्ट सांगितलंय. पण रिसॉर्टचं ऐकून तो म्हणाला, "टांगणार? एवढं चालतं विमान?" आणि दुसऱ्या दिवशी माझ्याबरोबर ठाण्याला यायला तयार झाला.

डीलरचं ऑफिस घोडबंदर रोडला एका उंच काचेच्या इमारतीत होतं. एसी इतका की मी पदर खांद्यावर ओढून घेतला. समोरचा माणूस तिशीतला, टाय लावलेला. त्याने नवऱ्याशी हात मिळवला, मला मान हलवून नमस्कार केला आणि नवऱ्याकडे तोंड करून बोलायला सुरुवात केली. रंगीत स्क्रीनचा सेट दाखवला. त्यावर आजूबाजूची विमानं दिसतात, पाऊस दिसतो, नकाशा दिसतो. नवऱ्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मला यातलं काही कळत नाही. मी शाळेत मराठी शिकवायचो. विमान हिचं आहे."

माणूस माझ्याकडे वळला. "ओके, मॅडम. तुम्ही फ्लाय करता?"

"हो. हा सेट करंट किती खातो?"

"सॉरी?"

"किती अँपिअर? आमच्या इंजिनाला छोटा जनरेटर आहे. रेडिओ, दिवे आणि हा सेट एकत्र चालवला तर बॅटरी उतरणार का, ते बघायचंय."

त्याने कॅटलॉग उघडला. बराच वेळ पानं उलटली. आकडा सापडला तेव्हा मीच तो आधी वाचला, माझ्याकडून उलट्या दिसणाऱ्या कॅटलॉगमधून. आमच्या जनरेटरला तो झेपणारा नव्हता.

"आणि पॅनेलच्या मागे खोली किती लागते? आमच्या पॅनेलमागे लगेच पेट्रोलची टाकी आहे."

"मॅडम, ते इन्स्टॉलेशनवाले बघतील."

मी विचारलं, यापेक्षा साधा काही नाही का? स्क्रीन नको, नकाशा नको, फक्त नंबर आणि उंची. तो हसला. कॅटलॉगच्या शेवटच्या पानावर एक छोटा सेट होता, त्यावर बोट ठेवून म्हणाला, "हा आहे, पण हा लो पॉवरचा. कमी ताकदीचा. इंडियात चालणार नाही. आणि खरं सांगू का मॅडम, या वयात सेफ्टीवर कॉम्प्रोमाइज करू नये. परवडत नसेल तर हा शौक सोडून द्यावा माणसाने."

नवरा खुर्चीत सरळ झाला. त्याने काही बोलायच्या आत मी कॅटलॉगच्या त्या शेवटच्या पानाचा फोटो काढला आणि उठले. लिफ्टमध्ये तो म्हणाला, "त्याला काहीतरी सुनवायला हवं होतं."

"सुनवून सेट मिळत नाही," मी म्हणाले. पण 'या वयात' हे शब्द मला पुढे आठवडाभर ऐकू येत राहिले, भांडी घासताना, भाजी निवडताना.

त्या रागाच्या भरात मी एक चूक जवळजवळ केलीच. इंटरनेटवर एका गटात कुणीतरी जुना ट्रान्सपॉन्डर विकायला काढलेला, दुसऱ्या राज्यातल्या क्लबच्या विमानातून उतरवलेला. किंमत इतकी कमी की मी दोनदा फोन करून खात्री केली. माणूस काही कामासाठी कल्याणला येणारच होता. एसटी स्टँडसमोरच्या हॉटेलात भेटलो. त्याने कापडी पिशवीतून सेट काढून चहाच्या कपांशेजारी ठेवला. जुन्या पद्धतीचा, आत जुन्या रेडिओत असायचा तसा व्हॉल्व्ह असलेला, गरम व्हायला वेळ घेणारा. वरचा रंग उडालेला, पण बटणं छान कडक होती. मला तो आवडला, खरं सांगायचं तर. वडिलांच्या अँप्लिफायरच्या जातीचा होता.

"तपासून घेणार," मी म्हणाले.

"घ्या ना ताई. चालू आहे एकदम."

ठाण्यात वागळे इस्टेटला एक टेस्टिंगवाले आहेत, माझ्या नोकरीतल्या ओळखीचे. तिथे आम्ही दोघं गेलो. सेट बेंचवर लावला. पहिली दहा मिनिटं उत्तर जोरदार येत होतं. माणूस माझ्याकडे बघून मान हलवत होता. मी म्हटलं, अजून ठेवा. सेट गरम झाला तसा जोर उतरायला लागला, आणि अर्ध्या तासाने काटा इतका खाली आला की घाटमाथ्यावरून त्याचं उत्तर रडारपर्यंत पोचलंच नसतं. व्हॉल्व्ह संपत आलेला. मग मी कागद मागितला. सेट दुरुस्त असल्याचा दाखला होता, पण दाखल्यावरचा सीरियल नंबर आणि सेटच्या मागचा नंबर यात एक आकडा वेगळा होता.

"टायपिंगमधली चूक असेल ताई. कागदावर कोण बघतं?"

"मी बघते," मी म्हणाले आणि सेट त्याच्या पिशवीत परत घातला.

तो वैतागला. जाताना म्हणाला, बायकांशी व्यवहार करायचा म्हणजे असंच. मी त्याला रिक्षाचे पैसे दिले नाहीत, जे एरवी दिले असते.

त्या दिवशी परत येताना मला कळलं की मी चुकीच्या बाजूने शोधत होते. स्वस्त काय आहे हे विचारत होते. आमच्या विमानाला काय लागतं, हे मी कागदावर लिहिलंच नव्हतं. सिग्नल खात्यात पहिल्या वर्षी जे शिकवतात, तेच मी विसरलेले.

म्हणून शनिवारी सकाळी कल्याणहून एसटीने घाट चढून धावपट्टीवर गेले आणि दिवसभर विमानात उलटीसुलटी होऊन मापं घेतली. पॅनेलमागे टाकीपर्यंत किती जागा. कुठलं भोक रिकामं आहे. एक होतं, जुनं घड्याळ काढलेलं गोल भोक. जनरेटरला किती करंट उरतो. वजन किती वाढलेलं चालेल. आमच्या विमानाची देखभाल करणारे लायसन्सवाले इंजिनिअर तिथेच राहतात, सत्तरीचे, कमी बोलणारे. विमानात एक स्क्रूसुद्धा त्यांच्या सहीशिवाय लागत नाही. त्यांनी मला टॉर्च धरून दिला आणि दीड तासाने विचारलं, "काय काढताय?"

मी त्यांना कॅटलॉगचा फोटो दाखवला. तो शेवटच्या पानावरचा छोटा सेट. त्याचे दोन भाग होते: समोर एक लहान गोल तोंड, घड्याळाच्या भोकात बसेल एवढं, आणि मुख्य पेटी वेगळी, केबलने जोडलेली, सीटच्या मागे कुठेही बसवता येईल अशी. उंची मोजणारा भाग पेटीतच होता, वेगळा घ्यावा लागणार नव्हता. व्हॉल्व्ह नव्हता, त्यामुळे करंट रंगीत स्क्रीनवाल्याच्या निम्म्याहून कमी. आणि प्रत्येक विमानाला जो स्वतःचा कायमचा ओळख क्रमांक देतात, तोही हा पाठवायचा, म्हणजे उद्या तसा नियम कडक झाला तर पुन्हा खर्च नाही.

"चांगला आहे," इंजिनिअर म्हणाले. "मग अडलंय कुठे?"

"डीलर म्हणतो, कमी ताकदीचा आहे, चालणार नाही."

"नियमात तसं लिहिलंय?"

नियम मी वाचलाच नव्हता. सगळ्यांनी सांगितलेला नियम ऐकला होता. डीलरने सांगितलेला, डॉक्टरांनी सांगितलेला, गटावरच्या लोकांनी सांगितलेला.

घरी आले आणि तीन दिवस वाचत बसले. नवरा मदतीला. त्याला विमानातलं कळत नसेल, पण क्लिष्ट वाक्याचा कर्ता आणि क्रियापद शोधण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही. एका ठिकाणी तो थांबला आणि पेन्सिलने खूण केली. "हे बघ. इथे 'किंवा' नाहीये, 'आणि' आहे. दोन्ही अटी पाळायला हव्यात." त्या वाक्याचा अर्थ असा होता की जे विमान पंधरा हजार फुटांच्या वर जात नाही आणि एका ठरावीक वेगापेक्षा जोरात उडत नाही, त्याला कमी ताकदीच्या वर्गातला सेट चालतो. आमचं विमान पंधरा हजार फूट? त्याला शपथ घालून सांगितलं असतं तरी ते तिथे गेलं नसतं. आणि वेगाचं म्हणाल, तर उलट वाऱ्यात खालच्या रस्त्यावरची एसटी आमच्या पुढे जाते.

दोन्ही अटी आम्ही कधीच मोडू शकत नव्हतो. हा सेट आमच्यासारख्या विमानांसाठीच बनवला होता, आणि तो आम्हालाच नाकारला जात होता.

मी डॉक्टरांच्या दवाखान्यात गेले. या वेळी पेशंट होता, म्हणून बाहेर बाकावर बसले. आत बोलावलं तेव्हा उभ्यानेच ती खूण केलेली ओळ त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी मास्क खाली करून वाचली.

"म्हणजे चालतो?"

"चालतो. किंमत त्या रंगीत सेटच्या तिसऱ्या हिश्शाएवढी. अँटेना, केबल, बसवणं, तपासणी, सगळं धरून सांगतेय. नुसत्या सेटची नाही."

"आणि विमान वाहतूक खात्याने अडवलं तर?"

"तर मी हेच पान त्यांच्यासमोर ठेवीन."

त्यांनी कागद मला परत दिला. मग म्हणाले, "ताई, मला मुळात उडण्याचाच कंटाळा आलाय. हे मी तुम्हाला सांगत नव्हतो. मी वर्षात दोनदा येतो तिकडे. रिसॉर्टवाला नसता तर दुसरा कुणी शोधला असता मी."

हे मला अपेक्षित नव्हतं. सेटच्या किमतीशी भांडायला मी तयारीने आले होते, कंटाळ्याशी नाही. मी त्यांच्या त्या गोल स्टुलावर बसले.

"मग तुमचा हिस्सा विका," मी शेवटी म्हणाले. "पण उडणाऱ्या माणसाला विका. आणि उडणाऱ्या माणसाला विकायचं तर विमान उडतं हवं. सेट बसू दे."

ते हसले नाहीत, पण हो म्हणाले.

सेट बाहेरून मागवला, त्याच्या मूळ दाखल्यासकट. येईपर्यंत पाच आठवडे गेले. मधल्या काळात विमान वाहतूक खात्यात परवानगीचा अर्ज दिला. तिथल्या अधिकाऱ्याने अर्ज बघून पहिलं वाक्य तेच म्हटलं, मॅडम, हा लो पॉवरचा आहे. मी पान पुढे केलं. त्यांनी ते वाचलं, आतल्या खोलीत नेलं, अर्ध्या तासाने परत आणलं आणि म्हणाले, "बरोबर आहे तुमचं. आमच्याकडे या वर्गाचा अर्ज येतच नाही, म्हणून." मी विचारलं, का येत नाही? त्यांनी खांदे उडवले. मला उत्तर ठाऊक होतं, मी ते घोडबंदर रोडला ऐकलेलं.

मग अँटेनाचं काम. बोटाएवढी दांडी असते, विमानाच्या पोटाखाली लावायची. पण अँटेनाला भोवताली धातूचा पत्रा लागतो, तरच तिची लहर नीट पसरते. पत्र्याच्या विमानात तो असतोच. आमचं कापडाचं. म्हणजे कापडाच्या आतून, नळ्यांच्या मधे अॅल्युमिनियमचा पत्रा बसवायला हवा होता. कल्याणच्या बाजारातून मी साधा पत्रा आणला, नळ्यांच्या वळणांप्रमाणे घरी गॅलरीत कापून साचा तयार केला, आणि इंजिनिअरांनी त्या साच्यावरून विमानाच्या दर्जाचा खरा पत्रा कापला. बाजारातला पत्रा विमानात लावू का, असं मी विचारलंही नाही. त्यांनी विचारूही दिलं नसतं.

अँटेनाची जागा मी ठरवली. पेटीपासून जवळ, पुढच्या चाकांच्या मधे, म्हणजे केबल लहान आणि केबलमध्ये वाया जाणारी ताकद कमी. सेट मुळात कमी ताकदीचा, तेव्हा एक थेंबही सांडायचा नाही, असा माझा हिशेब. इंजिनिअर जागा बघून एवढंच म्हणाले, "चाकाचे पाय जवळ आहेत." मी म्हटलं, पुरेसे लांब आहेत. त्यांनी वाद घातला नाही.

जमिनीवरच्या तपासणीत सेट उत्तम चालला. तपासणीवाले सही करून गेले. तिसऱ्या महिन्याचे वीस दिवस उरले होते. पुढच्या सकाळी मी एकटी उडाले. कंट्रोलरने रेडिओवर मला चार आकडी नंबर दिला, मी तो सेटवर लावला, आणि तो म्हणाला, दिसताय, उंची बरोबर. मी डावीकडे वळले. काही क्षणांनी त्याचा आवाज आला, "तुमचं उत्तर बंद झालंय. ट्रान्सपॉन्डर तपासा." सरळ झाले, पुन्हा दिसले. उजवीकडे वळले, पुन्हा गायब. चार वेळा केलं. चारही वेळा तेच. शेवटी तो शांतपणे म्हणाला की आज परत जा.

उतरले तेव्हा इंजिनिअर हँगरच्या दाराशी उभे होते. मी हेडफोन काढले आणि म्हणाले, "चाकाचे पाय."

"हं," ते म्हणाले.

विमान वळायला कललं की चाकाचा लोखंडी पाय अँटेना आणि रडार यांच्या मधे येत होता. चूक माझी होती, पूर्णपणे माझी. महिनाभर मी सगळ्यांना दाखवत फिरले की त्यांना माहीत नसलेलं मला माहीत आहे, आणि शेजारी उभ्या माणसाने चार शब्दांत सांगितलेलं ऐकलं नव्हतं. मी त्यांची माफी मागितली. त्यांनी ती घेतली की नाही कळलं नाही, कारण ते तेव्हाच पोटाखालचं कापड उघडायची हत्यारं काढत होते.

डॉक्टरांचा फोन आला. "झालं का ताई?"

"नाही. अँटेना चुकीच्या जागी लावली मी. मागे सरकवावी लागणार."

"वीस दिवस राहिलेत."

"मोजता येतात मला."

फोन ठेवल्यावर वाटलं, उगाच तोडून बोलले. पण त्या दिवशी नरम बोलले असते तर मी रडले असते, आणि कामाच्या जागी रडायचं नाही हे मी पूर्वीच ठरवलेलं, सिग्नलच्या खांबावर चढले त्या आठवड्यात.

पत्रा काढला, नवीन साचा कापला, सीटच्या बराच मागे, शेपटीच्या बाजूला. तिथे अँटेनाच्या आसपास काहीच नव्हतं. केबल लांब झाली, म्हणून जाड, कमी ताकद खाणारी केबल घ्यावी लागली, ती महाग पडली, आणि ते पैसे मी एकटीने घातले. दोन्ही टोकांचे जोड मी स्वतः केले, इंजिनिअर भिंग घेऊन शेजारी बसलेले. पहिला जोड त्यांनी कापून पुन्हा करायला लावला. पुन्हा केला. पुन्हा तपासणी, पुन्हा सह्या.

नऊ दिवस उरलेले असताना मी दुसऱ्यांदा उडाले. या वेळी डॉक्टर शेजारी. स्वतःहून आले होते, दवाखाना बंद ठेवून. कंट्रोलर तोच असावा, आवाज ओळखीचा वाटला. नंबर दिला, दिसताय म्हणाला. मी डावीकडे वळले, नेहमीपेक्षा थोडी जास्तच. वाट पाहिली. काही आलं नाही. उजवीकडे वळले. काही आलं नाही. मग मीच विचारलं, "उत्तर येतंय का?"

"सलग येतंय," तो म्हणाला. "तुमची उंची तीन हजार चारशे. पुढे जा."

डॉक्टर खिडकीतून खाली बघत होते. खाली धरणाचं पाणी होतं, काठाने वाळत घातलेली मिरची लाल दिसत होती. "आत्ता आपण कुणालातरी दिसतोय," ते म्हणाले.

"दिसायलाच हवं," मी म्हणाले.

डॉक्टरांनी तरीही आपला हिस्सा विकला. त्यांचा कंटाळा खरा होता आणि एका फेरीने तो जाणार नव्हता. ठाण्याच्या एका कॉलेजात शिकवणाऱ्या बाईने तो घेतला. ती अजून शिकतेय, तिचे उतरताना तीन टप्पे पडतात, आणि ती मला उलट उत्तरं देते. डॉक्टर आता फक्त माझे दात बघतात.

मागच्या महिन्यात धावपट्टीवर एक गृहस्थ आले, बँकेतून निवृत्त झालेले. त्यांचंही आमच्यासारखंच छोटं विमान आहे, दुसऱ्या माळावर. हातात कोटेशन होतं, रंगीत स्क्रीनच्या सेटचं, त्याच काचेच्या इमारतीतलं. चेहरा पडलेला. म्हणाले, विकायला काढावं म्हणतोय, हे आपल्यासारख्यांना परवडणारं नाही.

"आपल्यासारख्यांना म्हणजे कुणाला?" मी विचारलं.

ते गोंधळले. मी त्यांच्या हातातलं कोटेशन घेतलं, घडी घालून त्यांच्याच खिशात ठेवलं, आणि हँगरच्या फळीवरून मापाची टेप काढून दिली. म्हटलं, आधी तुमच्या विमानाकडे जा आणि पॅनेलमागे हात घालून बघा, किती जागा आहे. नंतर मला फोन करा. नियम आपण दोघं मिळून वाचू.